फेट्यात अडकलेली पावती

मल्हारी सटवाजी गडदे याला मेंढरं राखता येत नव्हती, आणि ही गोष्ट त्याच्या भाऊबंदांत अजूनही हसत हसत सांगितली जाते. लहानपणी कळप त्याच्यावर सोपवला की एखादं लंगडं कोकरू बघत तो तिथंच फतकल मारून बसे. ते कोणत्या पायाला जपतंय, चालता चालता कुठं थबकतंय, याचा त्याला भारी नाद. तेवढ्यात बाकीचा कळप कुणाच्या तरी हरभऱ्यात शिरलेला असे. बाप सटवाजी शेतवाल्याच्या शिव्या खाऊन यायचा आणि बायकोला म्हणायचा, "ह्याला शाळंत घाला. तिथं तरी कुनाचं नुकसान व्हायचं न्हाई."

शाळा झाली, औरंगाबादला कॉम्प्युटरचा कोर्स झाला, आणि एक्याण्णव सालच्या कापसाच्या हंगामात मल्हारी जिंतूरजवळच्या एका सहकारी जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, ऑपरेटर म्हणून चिकटला. चेअरमन व्यंकटरावांनी मोठ्या हौसेनं कॉम्प्युटर आणला होता. आतल्या खोलीत मशीन आणि एक टर्मिनल, वजनकाट्याजवळच्या खिडकीत दुसरं टर्मिनल आणि प्रिंटर. गाडी काट्यावर चढली की वजनाचे कारकून दिनकरराव नाव आणि वजन टाकायचे, आणि छापील पावती गाडीवानाच्या हातात पडायची. पावतीच्या माथ्यावर व्यंकटरावांची फेट्यातली छबी. ती हवीच, असं त्यांनी पुण्याच्या प्रोग्रामवाल्याला पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

दिवाळीआधी चार-दोन गाड्या यायच्या तोवर सगळं झकास होतं. हंगाम भरात आला आणि पावती निघेना. म्हणजे निघायची, पण गाडीवानाची अख्खी बिडी ओढून झाल्यावर. दिनकररावांनी बटण दाबलं की पडदा ढिम्म व्हायचा, प्रिंटर मुका, आणि मग कधीतरी एकदम करकर सुरू. रांग गेटाबाहेर गेली, तिथून डांबरी रस्त्यावर गेली. बैलांनी पुढच्या गाडीतला कापूस चघळायला सुरुवात केली. भांडणं लागली, आणि भांडणारे सगळे शेवटी एकाच खिडकीवर यायचे.

व्यंकटरावांनी मल्हारीला बोलावलं. "येत्या बाजाराच्या दिवसापर्यंत रांग हलली न्हाई, तर मशीन गोदामात आन् तू तुज्या घरी. दिनकररावाचा हात हाय की पावत्या लिव्हायला."

ही बातमी सटवाजीपर्यंत पोचायला वेळ लागला नाही, कारण त्याचा कळप त्या हंगामात जिनिंगच्या पाठीमागच्याच रानात खतासाठी बसवलेला होता. तो आला, काठी भिंतीला टेकवली आणि अगदी मायेनं विचारलं, "मंग, येतूस का मेंढरामागं?"

मल्हारीला बापाकडं जायची लाज नव्हती. पण आपण गेलो तर पहिल्याच आठवड्यात कुणाचा हरभरा साफ होणार हे त्याला पक्कं ठाऊक होतं. आणि खरं सांगायचं तर त्या मशीनवर त्याचा जीव जडला होता. ते लंगडतंय, हे त्याला दिसत होतं. कोणत्या पायानं, तेवढं कळत नव्हतं.

त्यानं पुण्याला ट्रंक कॉल लावला. प्रोग्रामवाला म्हणाला, येतो, पण विद्यापीठाच्या नामांतराच्या बंदमुळं तुमच्याकडं एस.टी.चा भरवसा नाही. तोवर तुम्हीच बघा, मशीनमध्ये प्रोफायलर ठेवलेला आहे. प्रोफायलर म्हणजे प्रोग्रामवर नजर ठेवणारा दुसरा प्रोग्राम. तो घडीघडीला डोकावतो, मूळ प्रोग्राम कोणत्या कामात गुंतलाय ते टिपतो, आणि शेवटी कुठं किती वेळ गेला याचा हिशोब छापून देतो. जिनिंगमध्ये कुणी एवढं लांबलचक नाव घेईना. सगळे त्याला जासूस म्हणू लागले.

मल्हारीला वाटत होतं, हजारो सभासदांतून एक नाव शोधण्यात वेळ जात असावा. त्यानं सकाळी जासूस चालू केला, संध्याकाळी बंद केला आणि कागद काढला. कागदावर नाव शोधण्याचा वेळ म्हणजे चिमूटभर. जवळजवळ सगळा दिवस एकाच कामात गेला होता: बटण दाबलं जाण्याची वाट बघण्यात. खिडकीतलं बटण दाबणारे गृहस्थ म्हणजे दिनकरराव. मल्हारीनं भोळेपणानं तो कागद तसाच चेअरमनच्या टेबलावर नेऊन ठेवला.

झालं! दिनकररावांनी चष्मा काढून ठेवला. "माजं बोट मशीनला अडवायलाय म्हन! निजामाच्या काळात बापानं आन् आता मी, ह्याच काट्यावर जिंदगी गेली आमची. गाडीवान नाव सांगायला येळ लावतो, पोतं सरळ करतो, तवर मी काय बटनावर नाचू का?" असं म्हणून ते उठून गेले, आणि त्या दुपारी पावत्याच निघाल्या नाहीत. मल्हारीनं त्यांच्या घरी जाऊन पाय धरले, पान खाऊ घातलं, तेव्हा कुठं गडी परत खिडकीत बसला.

पण दिनकररावांचं म्हणणं खरंच होतं. दिवसभर जासूस जागा ठेवला की तो दिवसभराचा रिकामटेकडेपणाच टिपणार. त्याला जागं करायचं ते बटण दाबल्यापासून पावती निघेपर्यंतच, मग पुन्हा झोपवायचं. खिडकीतल्या टर्मिनलवरून ते जमण्यासारखं नव्हतं. तिथं पावतीचा पडदा सोडला की पावती अर्धीच राहायची. मग मल्हारीनं आतल्या टर्मिनलवर एक छोटासा, अगदी वेगळा प्रोग्राम लिहिला. पावतीच्या प्रोग्रामला हातही न लावता तो बाहेरून नुसता इशारा द्यायचा: एक कळ दाबली की जासूसा, ऊठ, दुसरी दाबली की नीज. हे जमलं तेव्हा तो एकटाच हसला. कळपात न शिरता कळप हाकणं आयुष्यात पहिल्यांदा त्याला साधलं होतं.

एकच पंचाईत. आतून खिडकी दिसत नव्हती, आणि जिनच्या घरघरीत दिनकररावांचा आवाज दारापर्यंतही पोचत नव्हता. कोणता क्षण साधायचा हे कळावं कसं? त्या घरघरीला भेदून जाणारा एकच आवाज मल्हारीला माहीत होता. बापाची ती हाळी रात्रंदिवस ऐकत तो लहानाचा मोठा झाला होता.

"बा, तू खिडकीपाशी बस," तो म्हणाला. "दिनकररावांनी बटन दाबलं की हाळी दे. कागद निगाला की शीळ घाल."

"आन् मशीन ऐकंल माजं?"

"मी ऐकतो. मशीन माजं ऐकंल."

सटवाजी ऐटीत खिडकीखालच्या कट्ट्यावर बसला. पहिली गाडी चढली, बटण दाबलं गेलं आणि त्यानं छातीतून हाळी दिली, "हुर्रऽऽऽ!" आत मल्हारीनं कळ दाबली. पण त्या हाळीचा अर्थ पाठीमागच्या रानातल्या मेंढरांना जास्त चांगला ठाऊक होता. 'उठा, चला,' असा हुकूम मिळताच अख्खा कळप कुंपणाच्या भगदाडातून जिनिंगच्या आवारात आला आणि कापसाच्या ढिगावर चढला. बैल बिथरले, हमाल धावले, आणि मल्हारीची आई भिवराबाई हातात लुगड्याचा ओचा धरून नवऱ्याला नको नको ते बोलत मेंढरांमागं पळाली. एवढ्या कल्लोळातही सटवाजीनं कागद निघताक्षणी शीळ घातली. दिलेलं काम अर्धं सोडायची त्याला सवय नव्हती.

भिवराबाईनं कळप ओढ्यापलीकडं नेला आणि दिवसभर काम सुरळीत चाललं. हाळी, कळ, शीळ, कळ. संध्याकाळी मल्हारीनं कागद काढला, वाचला आणि पुन्हा एकदा वाचला. रुपयातले बारा आणे वेळ छबी आखण्यात जात होता. त्यातही चेहरा लवकर उरकायचा. फेट्याची एकेक घडी, एकेक चूण मशीन प्रत्येक गाडीला नव्यानं काढत बसायचं, आणि मगच प्रिंटरकडं वळायचं.

दुसऱ्या दिवशी बाजार होता. मल्हारी कागद घेऊन चेअरमनपुढं उभा राहिला.

"सापडलं का? कुटं आडतंय?"

"चित्रात, साहेब."

"कुनाच्या?"

मल्हारीनं जमिनीकडं बघितलं. "आपल्याच. म्हंजे, चेहऱ्याचं काई न्हाई साहेब. फेट्याचं लय हाय."

दिनकरराव दारातून मान काढून बघत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर चार दिवसांत पहिल्यांदा समाधान होतं. व्यंकटरावांनी डोक्यावरच्या फेट्याला हात लावला, बाहेरच्या रांगेकडं बघितलं आणि म्हणाले, "मंग फेटा काड."

मल्हारीनं फेटा काढला. त्याच बाजाराच्या दिवशी रांग पळायला लागली. चेहऱ्यापुरती थोडी थांबायची, पण गेटाच्या आत आली. व्यंकटराव खूश होऊन मिरवत होते.

तिसऱ्या दिवशी जिंतूरच्या एस.टी.तून त्यांची थोरली बहीण नर्मदाबाई उतरली ती रडतच. झरीला दिलेली ही बाई. पुतण्यानं कापूस घालून आणलेली पावती तिच्या हातात पडली, आणि तिच्यावर भाऊ बोडक्या डोक्यानं! फेट्यावाला माणूस डोकं उघडं कधी ठेवतो, हे तिला कुणी सांगायला नको होतं. सुतकाच्या घरात चूल पेटत नाही म्हणून तिनं पिठलं-भाकरी बांधून घेतली होती. गेटातच ती हंबरली, "कोन गेलं रं बाबा? मला सांगितलं बी न्हाई!" तिच्यामागं झरीची आणखी पाच-सात माणसं खाली मान घालून उभी.

व्यंकटराव समोर उभे होते, भरजरी फेट्यात. काय झालंय हे उमगायला त्यांना जरा वेळ लागला. मग ते आत वळून ओरडले, "मल्हारी! मला त्या कागदावरून पुरता काडून टाक!"

बहिणीनं आणलेलं पिठलं नंतर सगळ्यांनी मिळून खाल्लं. दिनकररावांनी दोनदा मागून घेतलं.

त्या दुपारी सटवाजी पुन्हा कट्ट्यावर बसला होता. आता त्याचं काही काम नव्हतं, पण जागेची सवय झाली होती. एक गाडी काट्यावर चढली. दिनकररावांनी बटण दाबलं. सटवाजीनं मान वर केली, छाती भरून घेतली, आणि "हु" एवढंच तोंडातून निघालं तोवर पावती गाडीवानाच्या हातात होती.

तो त्या कागदाकडं बघत राहिला. मग उठला, काठी घेतली आणि आतल्या दारात येऊन उभा राहिला.

"मेंढरामागं ये म्हनलो व्हतो," तो म्हणाला. "नगं येऊस. तुजा कळप हितंच हाय."

मल्हारीचे डोळे भरून आले. बाप आपल्यावर एवढा खूश झालेला त्यानं कधी बघितला नव्हता. त्यानं मान हलवली आणि पडद्याकडं तोंड केलं. बाहेर ओढ्याच्या बाजूनं सटवाजीची हाळी आली, लांब आणि पुरती, आणि मल्हारीचं बोट सवयीनं कळेवर गेलं.