माझ्याच कॉम्प्युटरवर दिसणारं पुस्तक

हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला तर नाहीच. तुम्हाला का सांगते आहे? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल — जाऊ दे.

फुलचूरला माझं टायपिंगचं दुकान आहे. मोबाइलवर पुस्तकं वाचायची टूम निघाली तशी मी ई-बुकंही करायला लागले. आमच्याकडे मराठी टाइप व्हायचं ते जुन्या फॉन्टमध्ये. तो फॉन्ट ज्या मशीनवर नाही, तिथे मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं, कंस, टिंबं उमटतात. म्हणून आधी सगळा मजकूर युनिकोडमध्ये बदलायचा आणि मग फॉन्ट नसलेल्या दुसऱ्या मशीनवर उघडून बघायचा. ही गोष्ट मी गिऱ्हाइकांना इतक्यांदा सांगितली आहे की झोपेतही सांगेन. म्हणजे मला माहीत नव्हतं, असं म्हणायची सोय नाही.

एक दिवस सर आले. गोरेगावला आठवीत मला शिकवायचे ते. आई रोवण्याला, म्हणजे धानाच्या लावणीला जायची आणि बांधीत गाणी म्हणायची. त्यातली सतरा मी वहीत उतरवली होती. सरांनी वही वाचायला म्हणून नेली आणि पुढच्या वर्षी त्याच गाण्यांचं पुस्तक त्यांच्या नावाने आलं. आईचं नाव कुठेच नाही. मी विचारायला गेले, तर सगळ्या वर्गासमोर म्हणाले, "रोवण्याचे गाने का कोनाच्या मालकीचे रायतेत वो?" वर्ग हसला. ते हसू मी पंधरा वर्षं सांभाळून ठेवलं होतं — हो, सांभाळूनच.

आता त्याच पुस्तकाचं त्यांना ई-बुक हवं होतं. जुन्या फॉन्टमधली फाइल त्यांनी पेनड्राइव्हवर आणली होती. मी कॉम्प्युटर साफ केला, कन्व्हर्टर टाकला, ई-बुकचं सॉफ्टवेअर नवं घेतलं. दोन दिवसांत फाइल बदलून झाली. जोडाक्षरं तपासत पानं वाचत गेले आणि शेवटच्या पानावर थांबले.

तिथे आईचं नाव होतं. सतराही गाणी तिची आहेत, तिचं नाव न देणं ही आपली जुनी चूक आहे, असं सरांनी स्वतः लिहिलं होतं. गोरेगावला ई-बुकाच्या प्रकाशनाच्या कार्यक्रमात तिचा सत्कारही करणार होते.

मग मी काय केलं असेल? बदललेली फाइल बाजूला ठेवली आणि जुन्या फॉन्टमधल्याच मजकुराचं ई-बुक बनवलं. सरांना माझ्याच कॉम्प्युटरवर उघडून दाखवलं. तिथे ते सुरेख दिसलं. दिसणारच होतं! म्हातारा खूश होऊन गेला. चूक कबूल केली म्हणून मी सोडायचं? एवढ्या वर्षांनी? मला त्यांची कबुली नको होती — त्यांच्यावर हसणारा वर्ग हवा होता.

तो मिळाला. गोरेगावच्या सभागृहात पडद्यावर पुस्तक उघडलं आणि नुसती इंग्रजी अक्षरं आणि कंस. लोकांनी आपापल्या मोबाइलवर पाठवलेली प्रत उघडून बघितली, तिथेही तेच. कुणीतरी हसलं, मग बरेच हसले. सर माझ्याजवळ आले.

"मायंच काही चुकलं का वो पोरी?"

"कॉपी करताना बिघडवलं असेल तुम्ही," मी म्हणाले.

त्यांनी माइकवर जाऊन माफी मागितली. वय झालं, यातलं आपल्याला कळत नाही, म्हणाले. आईचा सत्कार त्या गोंधळात राहूनच गेला. खोटं कशाला बोलू — मला बरं वाटलं. फार बरं वाटलं. पुढे त्यांनी ई-बुकाचं नाव काढलं नाही. दोन वर्षांनी वारले. चांगली फाइल मी त्यांना शेवटपर्यंत दिली नाही.

पण सांगायचं होतं ते एवढंच नाही. आई पहिल्या रांगेत बसली होती, सत्कारासाठी नवं लुगडं नेसून. तिला वाचता येत नाही. लोक का हसतायत, हेही तिला कळलं नव्हतं. पडद्याकडे बघून तिने मला हळूच विचारलं, "यात मायं नाव कोठी हाये वो?"

मी उठले, पडद्याजवळ गेले आणि कुठल्याशा एका ओळीवर बोट ठेवलं. तिने हात जोडले.