वीस इंचांचं शेतघर

१९५८ साल, मार्चातला शुक्रवार. रक्कम दीडशे रुपये (तेव्हा कुवेतात आपले रुपयेच चालत). हजर : मी, बायको मरियम, तिचा भाऊ दाऊद आणि एक इंग्लिश शेतघर, लांबी वीस इंच.

आमच्या साहेबाच्या मडमेचं माहेर म्हणजे इंग्लंडातल्या खेड्यातलं तीनशे वर्षांचं दगडी घर. तिच्या वाढदिवसासाठी साहेबाने मापं आणि फोटो देऊन मला त्याची प्रतिकृती करायला सांगितली. मी कंपनीत बांधकामाचे हिशेब करणारा, दाऊद रत्नागिरीचा गवंडी. त्या दीडशेत मरियमचं शिलाई मशीन येणार होतं!

मूळ घराच्या दोन फुटी जाड भिंती, चिमुकल्या खिडक्या, दगडी पाट्यांचं छप्पर, सगळं प्रमाणात जमलं. फक्त फोटोत छप्पर मधे खचलेलं, धुराडं कललेलं.

"दुलाभाई, हे असंच करायचं?" दाऊदने विचारलं.

"छे! फोटो काढताना साहेबाचा हात हलला असणार."

"तेच म्हणतो. ओळंब्यात नाही ते घर नाही, कुंपण!"

आम्ही ओळंब्याची दोरी सोडून सारं काटकोनात आणलं. भिंती दगडाच्या कपच्यांच्या, छप्पर पुठ्ठ्यावर ओल्या प्लास्टरचं. रेती बसू नये म्हणून गुरुवारी ते ट्रंकेवर ठेवून वर गोधडी पांघरली.

शुक्रवारी नमाजाहून आलो, तर गोधडीवर तांदळाची अख्खी पिशवी!

"मरियम! खाली घर आहे!"

"या अल्ला! मला वाटलं वळकटी. घर असं झोपवून ठेवतात होय?"

गोधडी काढली. छप्पर मधोमध खचलेलं, धुराडं डावीकडे झुकलेलं. दाऊद ओळंबा धरून उभा राहिला, जसा हकीम नाडी धरून.

"आता माझं मशीन?" मरियमने विचारलं.

तेवढ्यात दारात साहेब! ठरल्यापेक्षा एक तास आधी!! मी माफीचं पहिलं वाक्य जुळवतोय, तोवर तो गुडघ्यांवर बसला होता.

"हुबेहूब! छप्पर शंभर वर्षं इथेच खचलेलं आहे. माझ्या सासऱ्यांनी कुणाला हात लावू दिला नाही. इतकं अचूक कसं साधलंत?"

"मोजून, साहेब," मी म्हणालो. (पाच शेर, बासमती.)

साहेबाने दीडशे दिले, वर खचलेल्या छपराबद्दल खास दहा. दीडशे मशीनवाल्याला गेले, दहा मरियमने कारागीर म्हणून स्वतः ठेवले. दाऊदला बिर्याणी मिळाली. आणि अचूकतेबद्दल मला मिळाला ओळंबा, गुंडाळून ठेवायला.