दाजींचा फंड आणि आक्काचे गुडघे

आमच्या दाजींइतका अभ्यासू माणूस भोर आणि वेल्हे या दोन तालुक्यांत मिळून दुसरा सापडणार नाही, आणि सापडूच नये अशी माझी मनापासून इच्छा आहे. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे, यजमान. भोरच्या कचेरीतून निवृत्त झाले, मिळालेली रक्कम म्युच्युअल फंडात घातली आणि उत्रोलीच्या घराच्या ओट्यावर मोबाईल घेऊन बसले ते बसलेच. फंडाने किती दिलं एवढ्यावर त्यांचं भागत नसे. बाजार किती चढला, आपला फंड त्याच्या पुढे की मागे, पैसा कुठकुठल्या धंद्यांत वाटलाय, हे समोर येईल त्याला ते समजावून सांगत. दूधवाला तर दूध ओतून पैसे न घेताच पळायचा.

वाटणीचं हे खूळ पुढे घरात शिरलं. आक्काने बाजारात मेथीची आणि शेपूची जुडी घेतली, तर यांनी शेपू परत करायला लावला. "दोन्ही पालेभाज्या. एकच सेक्टर झाला की!" पासलीला आमच्याकडे पुतणीचं लग्न जमत होतं, तेव्हा भर बैठकीत मुलाच्या वडिलांना विचारलं, "तुमची तिन्ही पोरं एकाच कंपनीत? उद्या कंपनी बसली म्हंजे?" वडिलांचा चहा बशीतच राहिला. लग्न झालं, पण आहेरात दाजींना नुसती टोपी आली, टॉवेल काही आला नाही.

हसण्यासारखं होतं तोवर आम्ही हसलो. पण त्याच पैशात आक्काच्या गुडघ्यांचं ऑपरेशन व्हायचं होतं. आमचं पासलीचं घर चढावर आहे. माहेरी आपल्या पायांनी चढून यायचं, एवढीच तिची मागणी. दाजी कधीच नाही म्हणाले नाहीत. आधी फंड बाजाराच्या मागे होता. "पडत्या भावात कोण इकतं, पाव्हणं?" मग तो पुढे गेला. "आता कुठं जोर धरलाय. आत्ताच काढायचं व्हय?" त्यानंतर त्यांना शोध लागला, की आपले चारही फंड आतून बँकांनीच भरलेत. "चार घरी जेवाय गेलो, अन् चारी ठिकाणी पिठलंच!" मग पैसा औषधं, मोटारी, सिमेंट असा पांगवला, आणि नव्या फंडांची पारख व्हायला काही वर्षं द्यावीच लागतात, असं मलाच ऐकवलं. खर्च मी करतो म्हणालो, तर भडकले. "माझ्या बायकोचं म्या बघीन!" आक्का म्हणायची, "त्यास्नी कळतं रं त्यातलं," आणि भिंत धरून उठायची. मला त्या माणसाचा संताप यायचा. अजूनही येतो.

यंदा संक्रांतीनंतर दाजींनी आपण होऊन पैसे काढले. फंडाने खरोखरच उत्तम कामगिरी केली होती. त्यांचा अभ्यास कुठेही चुकला नव्हता. पुण्याच्या डॉक्टरांनी आक्काला तपासलं आणि सांगितलं, हृदय फार थकलंय, आता भूल देता येणार नाही. थोडं आधी आणायला हवं होतं.

परवा भांडायचंच ठरवून मी उत्रोलीला गेलो. दाजी ओट्यावर रिकाम्या हातांनी बसले होते. आक्काने मला आत बोलावलं आणि हळूच म्हणाली, "त्यास्नी काय बोलू नगंस. जेवत न्हाईत, बोलत न्हाईत. फंडाचं कायतरी इचार."

जिभेवर आलेलं सगळं गिळून मी बाहेर येऊन बसलो. म्हणालो, "दाजी, थोडे पैसे साठलेत माझ्याकडं. कुठल्या फंडात घालू?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "पैल्यांदा बघावं, पाव्हणं," ते म्हणाले, "पैसा कशासाठी लागणार हाय..." आणि तिथेच थांबले.

आक्का चौकट धरून दारात उभी होती.

"मग?" ती म्हणाली. "पुढं सांगा की त्याला."

दाजींनी डोळे पुसले आणि अडखळत पुढचं सांगायला लागले. मी त्यांना मध्ये तोडलं नाही. सगळं ऐकून घेतलं.