आईनं नकाशात शोधलेली शेजारीण

पोळा झाला आणि मी निघाले. अंगणात गाडी चालू होती, ड्रायव्हरनं दोनदा हॉर्न वाजवला, तरी आईला दही सापडेना. शेवटी ते दुधाच्या पातेल्यामागे निघालं. माझ्या तळहातावर चमचाभर दही ठेवून ती म्हणाली, "खाऊन घे, अन् वापस येजो." बाबा बॅगेच्या चाकांकडे बघत उभे होते. मी गाडीत बसल्यावर ते खिडकीशी वाकले. "करमलं नाई त दिवाळीले ये. कोनी काही म्हनत नाई."

सेवाग्रामला नर्सिंग केलं, तिथेच नोकरी केली, दर सुट्टीला वडनेरला घरी. त्यापलीकडे मी कधी राहिले नव्हते. आता एकदम आयर्लंड. मैत्रिणी म्हणायच्या, बापरे, कसं होईल तुझं? पण खरं सांगू, काहीच अडलं नाही. रूम मी घरूनच मोबाइलवर ठरवली होती. तिथे उतरले तर बस किती वाजता येते हे फोन सांगायचा, हीटर कसा लावायचा हे व्हिडिओत होतं, कोणत्या रंगाचा कचऱ्याचा डबा कोणत्या दिवशी बाहेर ठेवायचा हेही ॲप सांगायचं. डाळ-तांदूळ घरपोच. ड्युटीवर पेशंटशी बोलायचं, घरी येऊन दार लावायचं. महिनाभरात माझं सगळं इतकं व्यवस्थित बसलं की त्या गल्लीत एकाही माणसाला काही विचारायची वेळ माझ्यावर आली नाही.

आणि मला मुळीच करमत नव्हतं. परतीच्या तिकिटाचं पान मी रोज उघडायची. पैसे भरायचं बटण तेवढं दाबायचं बाकी होतं.

आईला हे मी सांगितलं नव्हतं. पण तिचा फोनवरचा पहिला प्रश्न तोच असायचा, "करमते का व?" आई गावातल्या अंगणवाडीची सेविका. पोरांची वजनं मोबाइलमध्ये भरून भरून तिचा हात बसलेला. मी पत्ता पाठवला होता, त्यावर बोट ठेवून ती नकाशात शिरली आणि रस्त्याच्या फोटोंमधून माझ्या गल्लीत फिरायला लागली. वडनेरच्या बाहेर फारतर हिंगणघाट-वर्धा बघितलेली बाई मला सांगायला लागली, "कोपऱ्यावर पावाचं दुकान आहे तुह्या. पुढं पिवळ्या दाराचं घर आहे. तिथं एक म्हातारी झाडाले पानी टाकून राह्यली. तिच्याशी बोलली का?"

मी म्हटलं, आई, तो जुना फोटो आहे. वर कॅमेरा लावलेली गाडी कधीतरी जाते, तेव्हा काढतात.

"मंग? घर त तेच आहे ना. पन तिचं तोंड काऊन पुसलं बिचारीचं?"

ओळख पटू नये म्हणून सगळ्यांचंच पुसतात, म्हटलं. ते तिला अजिबात पटलं नाही.

दसऱ्यानंतरच्या एका रविवारी मी बोलता बोलता रडले. आई म्हणाली, "त्या पिवळ्या दाराच्या बाईकडून इरजन आन." मी रडता रडता हसले. दही दुकानात मिळतं आई, म्हटलं, फोनवर मागवलं तरी येतं. "दही मले नको सांगू. सगळं फोनले इचारते, मानसाले काही मागतच नाई तू. देऊन ओळख होत नाई व बाई, मागून होते."

तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो. स्टीलची वाटी घेतली, चालू फोन कोटाच्या खिशात टाकला आणि पिवळं दार वाजवलं. फोटोतलीच म्हातारी, आता हातात काठी. विरजण कसं सांगायचं? दोन चमचे दही मिळेल का, म्हटलं. तिनं माझ्याकडे बघितलं, वाटीकडे बघितलं, आणि म्हणाली, कोपऱ्यावरचं दुकान उघडं आहे की. लाजेनं माझे कान तापले. शेवटी खरं तेच सांगितलं, की माझ्या आईनं शेजारून आणायला लावलंय. तेवढ्यात खिशातून खणखणीत आवाज आला, "देऊन राह्यली का व?"

त्या म्हणजे मॉरीनबाई. आधी दचकल्या, मग भिंतीला धरून हसत सुटल्या. मला आत बसवलं, वाटीत दोन चमचे दही घातलं. घरी ते दुधाला लावून टॉवेलात गुंडाळून हीटरवर ठेवलं, दुसऱ्या दिवशी दही लागलं. आंबट जरा कमी होतं, पण घट्ट होतं. बाई ते बघायला काठी टेकत माझ्याकडे आल्या. त्या दिवाळीला मी घरी गेले नाही.

आता चौथं वर्ष लागलंय. वाटी या घरातून त्या घरात जाते, कधी जाम घेऊन, कधी पाटवडी घेऊन. गेल्या महिन्यात नकाशातले फोटो बदलले. मला पत्ताही नव्हता, आईचाच फोन आला. "तू दिसून राह्यली व! त्या बाईच्या फाटकापाशी." मी बघितलं. कोट, टोपी, तोंड पुसलेलं. मीच मला ओळखलं नाही. तुला कसं कळलं गं, विचारलं.

"हातात वाटी आहे ना."

मग म्हणाली, "म्हनजे आता करमते तुले." या वेळी तो प्रश्न नव्हता. मी हो म्हटलं. ती म्हणाली, "चांगलं झालं, माय," आणि तिचा आवाज ओला झाला. दार वाजवायला तिनंच पाठवलं होतं, आणि त्या दारामुळेच मी तिच्यापासून लांब राहिले. हे तिलाही कळत होतं आणि मलाही.

त्या दिवशी मी उलटं करून बघितलं. नकाशात वडनेर काढलं. फोटोवाली गाडी हायवेवरूनच पुढे गेलेली, आमच्या गल्लीत वळलेलीच नाही. आईला माझं दार दिसतं, मला तिचं दिसत नाही. आधी वाईट वाटलं. मग वाटलं, असू दे. माझ्यासारखे लांब गेलेले तुम्ही कोणी कधी तिकडून जात असाल, तर वडनेरच्या स्टँडवर उतरा आणि अंगणवाडीच्या बाईंचं घर कुठे म्हणून कोणालाही विचारा. तो नुसतं सांगणार नाही, हातातलं काम टाकून दारापर्यंत आणून सोडेल. फोननं सापडत नाही, माणसाला विचारलं की सापडतं, तेच माझं घर.