अनशापोटी

सोनपेठच्या बाजारात आमचे सासरे, आप्पा, कुणीही भेटलं की आधी पोटाची चौकशी करत. "कोठा साफ हाय का?" समोर तलाठी असो की विहीणबाई. विहीणबाई तोंडाला पदर लावत आणि आप्पा उत्तरासाठी थांबून राहत. "पोट बिघडलं की समदं अंग बिघडतं," हे त्यांचं पालुपद. नवी सून म्हणून मला त्यांच्यासमोर जायचीच धास्ती वाटे.

पुढे त्यांच्याच बोटांना संधिवाताने धरलं. परभणीचे डॉक्टर म्हणाले, शरीराची राखण करणारी शक्तीच सांध्यांवर उलटली आहे. त्यात आतड्यातल्या जंतूंचाही हात असावा, शोध चालू आहे. आप्पांनी तेवढंच धरलं. "मी काय म्हनत व्हतो?" दुखण्याची गोळी जेवल्यावरच घ्यायची, हे डॉक्टरांचं पुढचं वाक्य फक्त मी ऐकलं.

आमच्या लिंगायत घरात लिंगपूजा झाल्याशिवाय तोंडात पाण्याचा थेंब घालत नाहीत. डाव्या तळव्यावर गळ्यातलं इष्टलिंग घेऊन पूजा करायची, आणि सकाळी आप्पांचा तळवाच उघडेना. मग बोटं सुटावीत म्हणून ते दुखण्याची गोळी पूजेआधीच, अनशापोटी घेऊ लागले. मी रागावले तर म्हणाले, "गोळी म्हंजी काय जेवण हाय का? कोरडीच गिळायलोय की."

माझा जीव रोज खालीवर व्हायचा. गावभरच्या पोटांची खबर ठेवणारा हा माणूस स्वतःच्या पोटाबद्दल चकार शब्द काढेना. एके दिवशी भिंत धरून खाली बसले, तेव्हा कळलं की बरेच दिवस शौचाला डांबरासारखं काळं होत होतं. गोळ्यांनी पोटात जखम होऊन रक्त जात होतं.

रक्त चढवून घरी आणल्यावर मी म्हणाले, "आप्पा, आधी दोन घास खा, मग गोळी घ्या, मग पूजा करा. देव रागावणार नाही."

"देव न्हाई रागावत गं. मलाच ती पूजा केल्यासारखी वाटणार न्हाई."

मग ती गोळी बंद केली. रोज सकाळी त्यांच्या हाताखाली मी माझा तळवा धरायचा आणि ऊब देत एकेक बोट सोडवायचं, असं ठरलं. वेळ लागायचा, पण जमायचं. मी मात्र त्यांच्या चेहऱ्याचा रंग बघत बसायची.

श्रावणात माझी आई आजारी पडली म्हणून मी माहेरी पाथरीला गेले. जाताना नवऱ्याला बजावलं होतं, पण लेकापुढे हात करायला आप्पांना संकोच वाटला असावा. फोनवर म्हणाले, "गोळी न्हाई घेत गं, तू आईकडं बघ." मी परतले तेव्हा त्यांना जीपमध्ये घालत होते; गोळी गुपचूप पुन्हा सुरू झाली होती. या खेपेला रक्त थांबलं नाही.

शेवटच्या पूजेला मठाच्या स्वामींनी लिंग ठेवायला आप्पांचा हात घेतला. बोटं उघडेनात. सासूबाईंनी मला पुढे केलं. मी तळवा खाली धरून एकेक बोट सोडवलं. रोज तो हात हाती घेतला की आज काय होतंय ही भीती असायची. त्या दिवशी भिण्यासारखं काही उरलंच नव्हतं. मला तिथेच रडू फुटलं.