पुण्याच्या टीमचे दोन फोन

आमची टीम चौघांची होती. मी, आमच्या कुंडल गावातलेच दोघे, एकमेकांचे चुलतभाऊ, आणि जत तालुक्यातला एक गडी. खेळ मोबाईलवरचा, बंदुकीचा. चौघांनी मिळून एका बेटावर उतरायचं, हत्यारं गोळा करायची आणि बाकीच्या टीम संपेपर्यंत जिवंत राहायचं. गावात त्याला नुसतं 'गेम' म्हणायचे, आणि तेही 'दिसभर काय गेम खेळत बसताय' याच वाक्यात. आम्ही त्याला प्रॅक्टिस म्हणायचो. रोज दुपारी दोन ते सहा.

चुलतभावांच्या घरचं ठिबकच्या पाईपांचं दुकान आहे. त्याच्या माडीवरची खोली आम्हाला मिळाली होती. नव्या प्लॅस्टिकचा वास, चार खुर्च्या, एक इन्व्हर्टर. उन्हाळ्यात पत्रा असा तापायचा की मोबाईल गरम होऊन बंद पडायचे. मग ओल्या फडक्यावर मोबाईल ठेवून आम्ही खाली उसाचा रस प्यायला जायचो.

मी कॅप्टन. कुठं उतरायचं, गाडी कधी काढायची, कधी लढायचं आणि कधी पळायचं, हे माईकवर मी सांगायचो. नेम माझा बेताचाच. खरा नेम जतच्या गड्याचा. तो पलूसला आयटीआय करत होता आणि कुंडलला मावशीकडं राहायचा. आमची ओळख गेममध्येच झाली. त्यानं मला लागोपाठ तीनदा मारलं, मग एकदा योगायोगानं एकाच टीममध्ये पडलो तेव्हा विचारलं, "कुठला रं तू?" निघालो एकाच गल्लीतले.

त्याच्या घरी मेंढरं. बापाला तो आबा म्हणायचा, ते वर्षातले सात-आठ महिने कळप घेऊन फिरतीवर. गाव अगदी कर्नाटकाच्या कडेला, त्यामुळं आईशी तो अर्धं कन्नड बोलायचा, आणि खेळात गर्दी झाली की आमच्याशीही. 'एडक्के' म्हणजे डावीकडं, 'बलक्के' म्हणजे उजवीकडं, एवढं आम्ही तिघं शिकलो होतो. त्यातलं 'एडक्के' जास्त कानावर यायचं. कोंडीत सापडला की तो डावीकडून बाहेर पडायचा. दर वेळी. त्याला स्वतःला ते ठाऊक नसावं.

साताऱ्याला एका कॉलेजच्या हॉलमध्ये मोठी स्पर्धा झाली, ती आम्ही जिंकलो. समोर माणसं बसलेली, पडद्यावर आमचा खेळ, आणि कुणीतरी आमच्या गावाचं नाव माईकवर घेतोय, हे आम्हाला नवीन होतं. थोरल्या चुलतभावाचे मामा जीप घेऊन आले होते. परत येताना ते म्हणाले, आलोच आहोत तर औंधला यमाईचं दर्शन घेऊ. ऊन उतरलं होतं. सगळे डोंगर चढायला लागले. जतचा गडी मागं राहिला म्हणून मी थांबलो. तो पायरीवर बसून मोबाईल बघत होता.

"पुण्यावरनं फोन आलाय," तो म्हणाला.

"कुणाचा?"

त्यानं टीमचं नाव सांगितलं. आम्ही ज्यांचे व्हिडिओ बघून शिकलो त्यांच्यापैकी एक.

"पगार देतो म्हणत्यात. राहायचं, खायचं त्यांच्याकडं. सा म्हैन्याचा करार."

"मग तू काय म्हणलास?"

"कॅप्टनला इचारून सांगतो म्हणलं."

मी त्याच्याशेजारी बसलो. मला आनंद झाला नाही, हे मला अजून स्पष्ट आठवतं. तो गेला तर आम्ही तिघं काय होतो? मी म्हणालो, "तुझं तू बघ गड्या. पर तू गेलास की टीम मोडली म्हणून समज. आन ह्या दोघांनी तुला घरच्यासारखं वागवलंय, त्यांना काय सांगायचं ते तूच सांग."

त्यानं मोबाईल पालथा करून मांडीवर ठेवला. मग म्हणाला, "आबांचे गुडघे गेल्यात रं. मेंढरामागं चालवत न्हाई आता."

इथं मी 'जा' म्हणायला हवं होतं. मी पायरीवरचा एक खडा उचलला आणि खाली टाकला.

त्यानं तिथंच फोन लावला आणि नाही म्हणून सांगितलं. दोन मिनिटांचंही बोलणं नव्हतं. वर देवळात पोहोचल्यावर मी ही गोष्ट चुलतभावांना सांगितली, आणि सांगताना अशी सांगितली की जणू त्यानं आपणहून पगारावर पाणी सोडलं. दोघांनी त्याला उचलून घेतलं. मामांनी खाली आल्यावर सगळ्यांना भजी खाऊ घातली. गावात महिनाभर तोच विषय. पैशाला भुलला नाही पोरगा. तो नुसता हसायचा.

दुसरा फोन आला तो मला. मधे सात-आठ महिने गेले असतील. मी उसाला पाणी पाजत होतो, मोटर चालू होती म्हणून बांधाच्या पलीकडं जाऊन बोललो. त्याच टीमला आता कॅप्टन हवा होता. साताऱ्याचा माझा खेळ त्यांच्या लक्षात राहिला होता म्हणे. आकडा ऐकला तर माझ्या वडिलांच्या पेन्शनपेक्षा जास्त. आमच्या घरात तशी कशाची अडचण नव्हती. वडील फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, ऊस होता, विहिरीला पाणी होतं. तरी मी समोरच्या माणसाचं वाक्य पुरं व्हायच्या आत हो म्हणालो. 'विचारून सांगतो' एवढंसुद्धा तोंडातून आलं नाही.

जेवताना घरी सांगितलं. वडिलांनी एकच विचारलं, "पोरांना सांगितलंस का?"

"सांगितलं."

खोटं होतं ते. वडील म्हणाले, "मग ठीक हाय. आमची बदली झाली की आदी जोडीदाराला चार्ज द्यायचा, मग ट्रंक भराय घ्यायची."

मी बॅग आधी भरली. पोरांना सांगितलं ते निघायच्या दोन दिवस आधी, प्रॅक्टिस सुरू होताना, मोबाईल हातात घेऊन, कुणाच्या तोंडाकडं न बघता. धाकटा चुलतभाऊ उठून जिना उतरून गेला. थोरला म्हणाला, "औंधात त्याला काय बोलला हुतास तू?" म्हणजे कधीतरी त्यांना कळलं होतं.

जतचा गडी म्हणाला, "कवा निघतोस?"

"परवा."

"मग आज खेळून घिऊया. तुझ्या माघारी माईकवर कोण बोलणार ते ठरवाय पायजे."

त्या दुपारी तोच बोलला. वाईट बोलला, उशिरा बोलला, आणि आम्ही पहिल्याच तासात दोनदा मेलो. मी गप्प बसून खेळत होतो.

पुण्यात वाईट काहीच नव्हतं. एका फ्लॅटमध्ये आम्ही सहाजण, स्वयंपाकाला मावशी, शिकवायला एक कोच. पोरं वेगवेगळ्या राज्यांतली, माईकवर हिंदी. पगार दर महिन्याला वेळेवर यायचा. पहिल्या पगारात मी आईला फ्रिज घेतला आणि वडिलांना चांगले बूट. ते बूट त्यांनी बरेच दिवस खोक्यातच ठेवले.

एका ऑनलाइन स्पर्धेत आमच्या गटात कुंडलची टीम आली. त्यांनी एक नवीन चौथा शोधला होता आणि माईकवर जतचा गडीच बोलायचा. कोचनं मला समोर बसवून विचारलं, "तुझी जुनी टीम ना? सांग काय काय माहितीये." त्यात चोरीमारी काही नव्हती, सगळे असंच करतात. मी सांगितलं. कुठं उतरतात, गाडी कुठं लपवतात. आणि शेवटी हेही सांगितलं की त्यांचा नेमबाज अडकला की डावीकडून निघतो.

दुसऱ्या दिवशी ते एका दुमजली घरात अडकले. कोचनं ठरवल्याप्रमाणे आमचे दोघे डाव्या बाजूच्या भिंतीआड जाऊन बसले. तो डावीकडून आला. पडद्याच्या कोपऱ्यात तो मेल्याची ओळ आली आणि गेली. आमची पोरं ओरडली, कोचनं माझी पाठ थोपटली. कुंडलची टीम त्या दिवशी स्पर्धेतून बाहेर पडली. मी बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं आणि परत येऊन पुढची मॅच खेळलो. ती चांगली खेळलो, हेही सांगायला हवं.

पुढं करार वाढवला तेव्हा मी नीट वाचला नाही. चार महिन्यांत त्यांना दिल्लीकडचा एक कॅप्टन मिळाला आणि मी राखीव झालो. दुसऱ्या टीमकडं जायचं म्हटलं तर करारात तशी मुभा नव्हती. पगार चालू, खेळ बंद. दुपारी दोन वाजता बाकीचे हेडफोन लावायचे आणि मी गॅलरीत कपडे वाळत घालायचो. मुदत संपल्यावर घरी आलो. पलूसला ट्रॅक्टरच्या सुट्या भागांच्या दुकानात काउंटरवर नोकरी धरली. माडीवर काही गेलो नाही. थोरला चुलतभाऊ फिल्टर न्यायला दुकानात आला की 'काय, बरं हाय का' एवढं व्हायचं.

मग एक दिवस जतच्या गड्याचा फोन. तो तेव्हा गावीच राहून खेळत होता.

"बेंगळुरूच्या टीमचा कागद आलाय," तो म्हणाला. "बारा पानं इंग्रजी हाय. वाचाय येतोस का?"

रविवारी सांगलीहून कवठेमहांकाळमार्गे जतला एसटीनं गेलो. स्टँडवर तो मोटारसायकल घेऊन उभा होता. त्याच्या गावापर्यंत दोन्हीकडं मोकळं रान, मधेच ज्वारीचे तुकडे. घरी अंगणात त्याचे आबा बाजेवर पाय लांब करून बसले होते. गुडघ्यांना पट्टे. मेंढरं आता दहा-बाराच राहिली होती.

"आवं आबा, ह्यो कॅप्टन," त्यानं ओळख करून दिली. मला कुठं तोंड लपवू असं झालं.

मी बाजेच्या कडेला बसून कागद वाचला. एकेक कलम मराठीत सांगत गेलो, तो वहीत लिहून घेत गेला. नवव्या पानावर तेच कलम होतं, माझ्या करारातलं. राखीव बसवलं तरी दुसरीकडं खेळायचं नाही.

"हे काढायला सांग," मी म्हणालो. "न्हाई काढलं तर सही करू नगंस. ह्याच्यापायी मी बसून ऱ्हायलो."

त्यानं लगेच फोन लावला. सगळं बोलणं कन्नडमध्ये. मला त्यातलं 'बेड' म्हणजे 'नको' एवढंच कळलं, ते तीनदा आलं. फोन ठेवून म्हणाला, "बघतो म्हणाला. आन मी सांगितलं, आमच्या टीमची चालू स्पर्धा संपल्याबिगर यायचो न्हाई. नव्या पोराला शिकवाय पायजे. त्याला चाललं."

आबा आत गेले होते. मी म्हणालो, "औंधला मी तुला जा म्हणाय पायजे हुतं."

"व्हय," तो म्हणाला. "म्हणाय पायजे हुतं. दोन वर्सं आबा त्या पायांनी फिरलं."

जाऊ दे, झालं गेलं, असं काही त्याच्याकडून येईल असं मला वाटलं होतं. आलं नाही, आणि ते बरोबरच होतं. मग मी राहिलेलंही सांगितलं. पुण्याच्या कोचला डावीकडचं मीच सांगितलं होतं म्हणून.

तो थोडा हसला. "कळलं हुतं रं. भिंतीआड दोघं आदीच बसलेलं. त्यांला दुसरं कोण सांगणार? चार दिस लय राग आला. मग म्हटलं, आयला, मी डावीकडनंच जातो व्हय? म्हैनाभर उजवीकडनं निघायची प्रॅक्टिस किली."

आईनं जेवायला हाक मारली. ज्वारीची भाकरी, मटकीची आमटी, कांदा. आबांनी मला पुण्यातल्या खोलीचं भाडं, खाणं, पाणी असं बारीक बारीक विचारलं. आपला पोरगा कुठं राहील, हे त्यांना माझ्याकडून समजून घ्यायचं होतं. जे माहीत होतं ते सगळं सांगितलं. तेवढ्यात टँकर आला, तशी आई घागरी घेऊन उठली आणि आम्ही दोघं तिच्यामागं गेलो.

कलम निघायला आठवडा लागला. स्पर्धा संपेपर्यंत तो चुलतभावांबरोबर खेळला, नव्या पोराला शिकवलं आणि मग बेंगळुरूला गेला. जायच्या आदल्या रात्री तो कुंडलला मावशीकडं आला, आणि सकाळी चुलतभाऊ त्याला मिरज स्टेशनवर सोडायला गेले. जाताना माझ्या पलूसच्या दुकानासमोर गाडी थांबवून थोरला म्हणाला, "बस की मागं." मी काउंटरवर दुसऱ्याला उभं केलं आणि बसलो. गाडीत पाईपांच्या धंद्याचंच बोलणं झालं. स्टेशनवर जतच्या गड्यानं आबांसाठी घेतलेल्या आरामखुर्चीचा फोटो मोबाईलवर दाखवला. ती घरी पोचली होती, पण आबा अजून बाजेवरच बसत होते.

त्याची पहिली मोठी मॅच आम्ही माडीवर बघितली. नवा पोरगाही होता. कॉमेंट्री करणारा माणूस दर वेळी 'बेंगळुरूचा नेमबाज' म्हणायचा आणि धाकटा दर वेळी ओरडायचा, "जतचा हाय त्यो!" त्यांची टीम चौथी आली. अजून एक मॅच बाकी होती, पण खाली ठिबकचं गिऱ्हाईक आलं म्हणून थोरला उठला, आणि मी त्याला पाईप मोजायला मदत करायला खाली गेलो.