शेवंतीमावशीची झाडं

रस्त्याकडेच्या झाडांना खाली गेरू आणि वर चुन्याचा पट्टा मारलेला दिसला की माझं डोकं फिरतं. लोक म्हणतात, काय छान दिसतं! डोंबलाचं छान. मला त्या पट्ट्यात माझी शेवंतीमावशी दिसते.

मावशी कोकणातल्या फोंड्याची, घाटाच्या पायथ्याची. अंगाने काटकुळी, तोंडाने फटकळ. घाटात दगडफूल काढायचं हा तिचा उद्योग. मसाला नुसता जेवतानाच ठाऊक असलेल्यांसाठी सांगते, दगडफूल म्हणजे फूल नव्हे. घाटातल्या कठड्यांवर आणि आंब्या-ऐनाच्या खोडांवर राखाडी, खालून काळे पापुद्रे धरतात, ते दगडफूल. शेजारीच हिरवं शेवाळ असतं. ते पावसाबरोबर येतं, उन्हाबरोबर करपतं. दगडफुलाचं तसं नाही. ते हाताच्या तळव्याएवढं व्हायला वर्षं जातात.

दवाने पापुद्रे मऊ झाले की सकाळी मावशी निघायची. कोयता नाही, सुरी नाही, नुसती बोटं. सुटलेला पापुद्रा घ्यायचा, खोडाला चिकटलेला ठेवायचा. म्हणून तीच झाडं तिला दरवर्षी पुरायची. चैत्रात वर्षाचा मसाला कुटायची वेळ आली की थेट समुद्रकाठच्या आचऱ्यापासून बायकांचे निरोप यायचे, दगडफूल शेवंतीकडचंच हवं. शेत दिराच्या ताब्यात, घर नवऱ्याचं. मावशीचं म्हणावं असं एवढंच होतं, घाटातली ती झाडं आणि हा मान.

नवरा म्हणजे भिकाजीकाका. रस्त्यावर मैलकुली. घाटातला एक मैल त्यांच्याकडे. गटारं उपसायची, खड्डे बुजवायचे. माणूस गरीब, असं सगळं गाव म्हणायचं. वरच्याने 'बस' म्हटलं की बसणाऱ्याला आपल्याकडे गरीबच म्हणतात.

महाराष्ट्र राज्य झालं त्याच्या पुढच्या वर्षी घाटातून कोणी मंत्री जायचे ठरले. हुकूम सुटला, कठड्यांना चुना, झाडांना गेरू-चुना. काकांना हे आठवडाभर आधी कळलं होतं. तेवढ्यात मावशीने सगळ्या झाडांवरचं दगडफूल नीट हाताने काढून घेतलं असतं. पण बायकोला सांगायचं कशाला? आणि एका संध्याकाळी ते पोतं पाठीवर टाकून घरी आले, तोंडभर हसत.

"बघ गो, तुझा वर्साचा काम मी एका दिसात केलंय."

मावशीने पोतं ओतलं. आत दगडफूल होतं, शेवाळ होतं, माती होती आणि खोडांची साल होती. सगळं फावड्याने खरवडलेलं, ओलं, एकमेकांत कालवलेलं.

"तुमी ह्या काय हाडलास?" मावशीचा आवाज चढला. "परत येवक थंय काय ठेवलास?"

"मुकादमान सांगल्यान, खोडा सोलून काढा, नायतर चुनो धरूचो नाय. मी म्हटलंय, फुकट कित्याक घालवा? तुका होयत."

"तुमका ठावक होता मा? मगे माका कित्याक सांगूक नाय?"

काका खाली बसून सांडलेलं परत पोत्यात भरू लागले. बिचाऱ्यांना खरंच वाटलं होतं की आपण बायकोसाठी काहीतरी आणलं. याचाच मला जास्त राग येतो.

सकाळी मावशी घाट चढली. वळणावरचा एक जुना आंबा तेवढा राहिला होता. ती खोडाला पाठ लावून उभी राहिली. गेरूच्या बादल्या घेऊन माणसं आली, मागून धोंडू मुकादम आला. मावशी हलेना. काका कुंचला घेऊन पुढे आले तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा तिने नवऱ्याला अरे-तुरे केलं.

"मार चुनो! आधी माझ्यार मार, मगे झाडार!"

माणसं हसली. मुकादमाला ते हसणं झोंबलं. "भिकाजी, तुझी बायल तूच बाजूक कर," तो म्हणाला.

आणि काकांनी केली. मनगटाला धरून, सगळ्यांच्या देखत, गुरासारखी ओढत रस्त्यापलीकडे नेली. मग आंबा सोलला आणि कुंचला उचलून रंगवला.

मावशी घरी आली, तिने चूल पेटवली, भात रांधला. भांडली नाही, माहेरी गेली नाही. लोकांना वाटलं, निवळलं. चैत्रात मात्र तिने दोनदा मसाला कुटला. एक घरातल्या सगळ्यांचा, त्या पोत्यातलं दगडफूल निवडून, धुऊन घातलेला, आणि एक काकांचा, दगडफूल न घातलेला. बरण्या वेगळ्या, कालवणाची भांडी वेगळी. घरात मासळीचं कालवण शिजलं की वास दोन घरं सोडून जायचा आणि काकांच्या ताटात मात्र नुसतं तिखट पाणी पडायचं. त्यांनी कधी विचारलं नाही. गावाला काकांची दया आली. मला आली नाही, आजही येत नाही.

अशी सहा-सात वर्षं गेली. पट्ट्याच्या वर, हात पोचणार नाही अशा फांद्यांवर थोडं दगडफूल धरलं होतं. एका सकाळी काका झाडावर चढले आणि पानाच्या द्रोणात ते घेऊन आले. फावड्याने नाही, बोटांनी काढलेलं. मातीचा कण नाही, सालीचा तुकडा नाही. द्रोण मावशीपुढे ठेवून ते ओटीवर जाऊन बसले.

मावशीने एकेक पापुद्रा उलटून पाहिला. "बरा काढल्यानी," म्हणाली, आणि सगळं घरच्या मसाल्यात टाकलं.

माझी आई तिथेच मिरच्या निवडत होती. तिला राहवलं नाही. "शेवंती, आता तरी दी गो तेंका. इतक्या वर्सांनी माफी मागतत ते."

मावशीने मुसळ थांबवलं. ओटीवर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "झाडाची मागल्यानी. माझी खंय मागल्यानी?"

काकांनी ऐकलं. मावशीने थोडा वेळ वाट पाहिली आणि मग त्यांच्या मिरच्या वेगळ्या कुटायला घेतल्या.